एका खिळ्याचे किती द्याल?

साताऱ्याहून पुण्याला परतताना शिरवळ मागे पडलं आणि स्टिअरिंग डावीकडे ओढ घ्यायला लागलं. गाडी कडेला घेऊन पाहिलं, तर पुढच्या डाव्या टायरात खिळ्याचं डोकं चमकत होतं. स्टेपनी होती, पण तिची गोष्ट शेवटी सांगतो. हळूहळू गाडी रेटत पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत आणली. पंपाशेजारी पंक्चरचं दुकान होतंच. पोराने चाक उतरवून आत नेलं आणि मी समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेलो. चूक झाली ती इथे.

दहा मिनिटांनी परत आलो, तर टायरवर खडूचे चार गोल. "काका, चार पंक्चर आहेत. मशरूम मारावे लागतील. एकाचे चारशे." साबणाचं पाणी ओतून दाखवलं, चारही गोलांत बुडबुडे आले. टायर जेमतेम सहा हजार किलोमीटर चाललेला. मी विचारलं, "एकातून खिळा निघाला. बाकी तिघांतून काय निघालं?" पोरगा मालकाकडे बघायला लागला आणि मालक रस्त्याकडे. तळहातात लपेल एवढा टोचा असतो. साबणाचं पाणी फिरवता फिरवता तो टायरात घालायला एक क्षण पुरतो. मी सोळाशे रुपये मोजले. वाद घालून उपयोग नव्हता, कारण भोकं पाडलेली असली तरी आता ती खरी होती.

सगळे पंक्चरवाले असे नसतात, बहुतेक नसतातच. रात्री दोन वाजता, पावसात, चाकापाशी उकिडवं बसून दीडशे रुपयांत आपल्याला घरी पाठवणारी ही माणसं आहेत. पण गिऱ्हाईक अनोळखी, घाईत आणि गावाबाहेरचं असलं की दर वेगळा लागतो, हेही खरं. त्यामुळे पंक्चर म्हणजे नक्की काय काम, त्याचे रास्त पैसे किती आणि कुठे पैसे वाचवणं जिवावर बेतू शकतं, एवढं गाडी चालवणाऱ्याला माहीत हवं. पुढचे दर पुण्यात आणि आसपासच्या महामार्गांवर मी स्वतः दिलेले किंवा विचारून घेतलेले आहेत. तालुक्याच्या गावी थोडे कमी, मुंबईत थोडे जास्त धरा.

सगळ्यात स्वस्त आणि सर्रास होणारं काम स्ट्रिपचं. चिकट, तपकिरी, बोटभर लांबीची दोरी असते ती. खिळा उपसायचा, भोकात घासणी फिरवायची, दाभणासारख्या जाड सुईत दोरी ओवून ती टायरात दाबायची आणि सुई झटक्यात मागे ओढायची. दोरी आत अडकून राहते, बाहेरची शेपटी ब्लेडने छाटायची. चाक काढायचीही गरज नाही, दहा मिनिटांत काम होतं. कारला एका स्ट्रिपचे शंभर ते दीडशे रुपये. महामार्गावर, अपरात्री दोनशे-अडीचशे मागितले तरी मी घासाघीस करत नाही. घरी किंवा ऑफिसात येऊन काढून देणारे तीनशे ते पाचशे घेतात, त्यात येण्याजाण्याचे पैसे आले.

दुसरं काम आतून करायचं. टायर रिमवरून सोडवायचा आणि भोकाच्या आतल्या बाजूला पॅच चिकटवायचा. नुसता पॅच दोनशे ते साडेतीनशे. त्याची सुधारलेली आवृत्ती म्हणजे मशरूम: चपट्या टोपीखाली रबराचा दांडा. दांडा भोक बुजवतो, टोपी आतून हवा अडवते. याचे अडीचशे ते पाचशे. मोठ्या एसयूव्हीला किंवा कंपनीच्या शोरूममध्ये त्याहून जास्त. टायर रिमवरून उतरवला की चाकाचं बॅलन्सिंग पुन्हा करावं लागतं. त्याचे शंभर ते दोनशे वेगळे, आणि ते मशरूमच्या दरात धरलेत का हे आधीच विचारा. बिलाच्या वेळी निघणारं भांडण बहुतेक याच शंभर-दोनशेचं असतं. अलाइनमेंटचा मात्र पंक्चरशी संबंध नाही. "आता टायर काढलाच आहे तर अलाइनमेंटही करून घ्या," असं म्हणत कुणी चार-पाचशे वाढवत असेल, तर गाडी एका बाजूला ओढते का, टायर एकाच कडेने झिजलाय का, हे पाहून मग ठरवा.

स्ट्रिप चालते का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. शहरातल्या शहरात स्ट्रिप मारलेले टायर वर्षानुवर्षं फिरताना मी पाहिलेत. तरी टायर बनवणाऱ्या कंपन्या तिला कायमची दुरुस्ती मानत नाहीत, आणि यात त्यांचं म्हणणं मला पटतं. दोरी टिकणार नाही अशी भीती मला नाही. बाहेरून दोरी कोंबताना टायरच्या आत कुणी डोकावून पाहत नाही, माझी खरी हरकत ती आहे. हवा गेलेल्या टायरवर गाडी दोन-तीन किलोमीटर चालली असेल, तर वरून टायर ठणठणीत दिसतो, आतून मात्र त्याच्या बाजूच्या भिंती चेचलेल्या असतात. त्या टायरात हवा भरून शंभरच्या वेगाने निघालात की भिंत फाटते. म्हणून माझा हिशेब असा आहे: वाटेत घरी पोचण्यापुरती स्ट्रिप, आणि महामार्गावर पुन्हा निघण्याआधी टायर उतरवून आतून मशरूम. खिळा वेळीच लक्षात येऊन थांबला असाल, हवा फारशी उतरली नसेल आणि गाडी गावातच फिरणार असेल, तर शंभर रुपयांत भागलं म्हणून समाधान मानायला हरकत नाही.

मशरूमचं काम नीट झालं की नाही, हे शेजारी उभं राहूनच कळतं. हडपसरला माझं नेहमीचं दुकान आहे. मालक केरळचे, पण मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. ते काम करतात तेव्हा मी स्टूल ओढून बसतो. आधी खिळ्याभोवती खडूने गोल. मग व्हॉल्व्हची पिन काढून उरलेली हवा सोडतात; ती फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत यंत्राला हात लावत नाहीत. यंत्राच्या पात्याने टायरची कड रिमपासून सुटते. टायर उतरला की सगळ्यात आधी आत बल्ब धरतात आणि हात फिरवून तळवा मला दाखवतात. तळव्याला काळा भुगा लागला, तर ते मशरूमची डबी उघडतच नाहीत. तो भुगा म्हणजे हवेविना चाललेल्या टायरचं आतून घासलेलं रबर. असा टायर दुरुस्त करायचा नाही, हा त्यांचा नियम. यात त्यांची मजुरीही बुडते, तरी मोडत नाहीत.

तळवा स्वच्छ असला, तर भोक बाहेरून ड्रिलने साफ करतात. आतली बाजू पॅचएवढ्या गोलात बारीक घासतात, तिथलं गुळगुळीत रबर मखमलीसारखं होईपर्यंत. मग त्यावर सोल्यूशन लावायचं आणि थांबायचं. हे थांबणं सगळ्यात महत्त्वाचं. सोल्यूशन बोटाला नुसतं चिकटेल इतपत वाळलं पाहिजे. ओल्यावर पॅच दाबला तर तो महिन्याभरात कड सोडतो. घाईतला कारागीर नेमकी हीच पाच मिनिटं वाचवतो. पुढे दांडा आतून बाहेर ओढतात, टोपीवर दातेरी रोलर मधून कडेकडे दाबत फिरवतात, बाहेरचा दांडा छाटतात. टायर रिमवर चढवून हवा भरताना कड जागेवर बसल्याचा 'फट' असा आवाज दोनदा येतो, एकेका बाजूचा. शेवटी पंक्चरवर आणि व्हॉल्व्हवरही साबणाचं पाणी. या सगळ्याला अर्धा तास लागतो. बारा मिनिटांत मशरूम मारून देणाऱ्याने यातलं काय गाळलं असेल, ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

व्हॉल्व्हचा उल्लेख मुद्दाम केला. आठवड्याला तीन-चार पीएसआय हवा उतरते आणि खिळा सापडत नाही, अशा वेळी बरेचदा गुन्हेगार व्हॉल्व्ह असतो. आतली पिन दहा-वीस रुपयांची, अख्खा ट्यूबलेस व्हॉल्व्ह मजुरीसह शंभर-दीडशेचा. पंक्चर शोधायला लावण्याआधी व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा, नाहीतर सरळ थुंकीचा थेंब लावून बघा.

आता कुठे दुरुस्ती करायचीच नाही, ते. टायर जमिनीला टेकतो त्या नक्षीच्या मधल्या पट्ट्यातलंच पंक्चर काढता येतं, आणि तेही भोक सहा मिलिमीटरपर्यंत असेल तर. नक्षीची बाहेरची कड, म्हणजे टायरचा खांदा, आणि बाजूची भिंत या दोन्ही जागा प्रत्येक फेऱ्याला वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात. तिथे पॅच टिकत नाही. खड्ड्यात आपटून बाजूला फुगा आला असेल, तर आतले धागे तुटलेले असतात. फुग्याला इलाज नाही, तो टायर गेला. एकाच जागी दोन पंक्चर इतके जवळ असतील की एका पॅचवर दुसरा चढेल, तरीही नाही.

हे ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो आणि मग दुकानदार दोन 'उपाय' सुचवतो. एक, "आत ट्यूब टाकून देतो." पाच-सातशेत काम होतं, हवाही राहते. पण फाटलेली भिंत फाटलेलीच असते, आपण फक्त तिच्या आत फुगा ठेवलेला असतो. शिवाय ट्यूबला पंक्चर झालं की हवा एकदम जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा अडकून राहून हवा हळूहळू जाण्याचा जो फायदा होता, तो गेला. दुसरा उपाय गेटरचा, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा आतून कापलेल्या जागी बसवायचा. बैलगाडीला ठीक आहे. शंभरच्या वेगाने पळणाऱ्या, आत पोरंबाळं बसलेल्या गाडीला नाही. या दोन्ही ठिकाणी पैसे वाचवायला मी कुणालाच सांगणार नाही.

मग नवा टायर घ्यावा लागला तर? छोट्या हॅचबॅकचा साडेतीन ते साडेपाच हजार, मध्यम सेडान किंवा छोट्या एसयूव्हीचा सहा ते दहा हजार. सतरा-अठरा इंची अलॉय असतील तर त्याहून वर. इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पूर्वी करासह ६,४०० रुपयांना पडणारा टायर, मूळ किंमत तीच राहिली तर, ५,९०० ला मिळायला हवा. म्हणून पक्कं बिल मागा. दुसरं, टायरच्या बाजूवर 'डीओटी'पुढच्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. '२३२४' म्हणजे २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. 'नवा' म्हणून तीन वर्षं रॅकवर वाळलेला माल गळ्यात मारला जातो, तो असा पकडता येतो. एकाच अक्षावर एक नवा आणि एक गुळगुळीत टायर ठेवू नका. दुसराही झिजलेला असेल तर जोडी बदला. झीज बघायला टायरच्या खाचांतच बारीक उंचवटे दिलेले असतात. नक्षी त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की कायद्यानेही तो टायर बाद.

विम्यातून हे पैसे मिळतील, अशी आशा बऱ्याच जणांना असते. नेहमीच्या पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान धरत नाहीत. अपघातात गाडीबरोबर टायर गेला, तरच त्याची निम्मी किंमत मिळते. टायरसाठी वेगळं ॲड-ऑन मिळतं, पण साधं पंक्चर त्यातही बहुधा वगळलेलं असतं. रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल, तर चाक बदलायला माणूस मात्र फुकट येतो. समृद्धी किंवा एक्स्प्रेसवेने वारंवार जाणाऱ्याने तो घ्यावा, असं माझं मत.

कारण खरा धोका टायरचा नसतो, रस्त्याच्या कडेला उकिडवं बसलेल्या माणसाचा असतो. एक्स्प्रेसवेवर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला डुलकी लागायला आणि आपण पाना फिरवायला एकच वेळ गाठतो. चाक बसलं, असं कळलं की ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, पाय ॲक्सिलरेटरवरून उचला, गाडी आपोआप मंद होऊ द्या. मग इंडिकेटर देऊन डावीकडे या आणि सपाट, रुंद जागा मिळेपर्यंत रांगत जा. त्यात टायर फुकट गेला तर जाऊ दे. वळणावर, पुलावर, बोगद्यात थांबू नका. घरच्या सगळ्यांना उतरवून लोखंडी कठड्यापलीकडे उभं करा; गाडीत बसून एसी खाणं नको. लाल त्रिकोण चांगला शंभर पावलं मागे ठेवा. जागा धड वाटत नसेल, तर चाक स्वतः बदलण्याचा हट्ट सोडा आणि फोन करा: राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२.

जागा चांगली असेल, तर हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका आणि तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावा. नट आधी ढिले करायचे, मग जॅक. गाडी उचलल्यावर नटाशी झटापट केली की ती जॅकवरून घसरते. जॅक दाराखालच्या पत्र्याला जिथे खाच असते, तिथेच लावा. काम चालू असताना स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर बसेल, तुमच्या हातावर नाही. नट घट्ट करताना गोल फिरू नका, समोरासमोरचे आवळा. आणि पन्नास किलोमीटरनंतर पाना पुन्हा एकदा फिरवा.

पण खिळा दिसतोय आणि हवा टिकून आहे, अशी वेळ असेल तर यातलं काहीच करू नका. खिळा उपसायचा मोह आवरा. तोच बूच आहे. हवा भरून घ्या, चाळीसच्या वेगाने जवळचं दुकान गाठा. हवा पेट्रोल पंपावर फुकट देणं बंधनकारक आहे. तिथला नायट्रोजन टायरला वीस-तीस रुपये मागतो. साध्या हवेतही नायट्रोजन ७८ टक्के असतो, बाकी तुम्ही ठरवा.

दुकानात गेलात की तिथून हलू नका. चहा नंतर प्या. चाक तुमच्या डोळ्यांसमोर पाण्याने तपासायला सांगा, पंक्चर किती ते मोजा आणि दर ठरल्याशिवाय पुढचा हात लावू देऊ नका. एकाहून जास्त पंक्चर सांगितले, तर प्रत्येक भोकातून काय निघालं ते विचारा. एखाद्यातला खिळा वाटेत पडलेला असू शकतो. तिघांतले तिन्ही पडत नाहीत.

गाडीत काय ठेवायचं? हवेचं छोटं यंत्र, दीड ते तीन हजारांचं, सिगारेट लायटरच्या भोकात लावून चालणारं. माझ्या मते सगळ्यात चांगला खर्च हाच. स्ट्रिपची पेटी तीनशे-चारशेला मिळते, मनगटात जोर असेल तरच घ्या. टायरात आधीच ओतून ठेवायचं जेल मी वापरत नाही. त्यामुळे छोटं पंक्चर कळतच नाही, आणि नंतर आतून पॅच मारताना कारागीर आपल्या नावाने बोटं मोडतो.

आणि स्टेपनी. वेल्समधल्या लनेथली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ मध्ये डेव्हिस नावाच्या माणसाने जादा चाक विकायला सुरुवात केली, त्या रस्त्याचं नाव आपल्या डिकीत येऊन बसलंय. ते आता हळूहळू जातंय. १ ऑक्टोबर २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच दिला, तर कारमध्ये स्टेपनी देण्याची कायद्याने सक्ती नाही. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत ती नसतेच. काही गाड्यांत बारीक, तात्पुरती स्टेपनी असते, तिच्यावर ताशी ८० च्या वर जायचं नाही. नवी गाडी घेताना डिकीचं झाकण उचलून बघा, विक्रेता आपणहून सांगत नाही. आणि पंपावर हवा भरताना चार नाही, पाच चाकं मोजा. त्या दिवशी शिरवळच्या पुढे माझी स्टेपनी डिकीत होती. तिच्यात हवा होती अकरा पीएसआय.